माणूसही सुटला, गावही सुटलं

तुझं पत्र मिळालं. इतरही वाचणार आहेत, म्हणून त्यातलं मुख्य तेवढं आधी सांगते. तू मूळची साताऱ्याची, वय २८. पुण्यात चार वर्षं एका मुलाबरोबर होतीस. लग्नाचा विषय निघाला तेव्हा 'घरच्यांपुढे मला बोलता येणार नाही' असं सांगून तो बाजूला झाला. पुण्यातला प्रत्येक रस्ता त्याच्या आठवणीचा, म्हणून तू कंपनीत बदली मागून घेतलीस आणि तीन महिन्यांपूर्वी बेंगळुरूला आलीस. बीटीएम लेआउटमध्ये वन आरके घेतलंयस. ऑफिसला आठवड्यातून दोन दिवस जायचं, बाकीचं काम घरून. तू लिहितेस, 'दिवस कसाही निघतो, संध्याकाळ निघत नाही.' आणि तीन गोष्टी विचारतेस. एकटीनं समाधानानं राहता येतं, की मी स्वतःची समजूत घालतेय? तीन महिन्यांत एकही मैत्रीण झाली नाही, तर दोष माझ्यात आहे का? आणि आई म्हणते परत ये, स्थळं बघू. तिला काय सांगू?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते, कारण त्यापायी तुझी झोप उडाली आहे. हो, राहता येतं. समुपदेशनाचं काम मी आधी पुण्यात केलं आणि आता बरीच वर्षं बेंगळुरूत करते आहे. तुझ्यासारखी कितीतरी मुलंमुली माझ्यासमोर बसून गेली. त्यातली बहुतेक सावरली, आणि सावरली तेव्हा सगळ्यांनाच नवा जोडीदार मिळालेला होता असंही नाही. तुला 'तू' म्हणते आहे. माझी भाची तुझ्याच वयाची आहे, त्यामुळे तेच तोंडात येतं.

तुझ्या पत्रात एक गुंता आहे, तो आधी सोडवू. एका ठिकाणी तू लिहितेस की रात्री त्याला दिवसभराचं सांगितल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नाही. लगेच खाली लिहितेस की ताप आला तेव्हा मेडिकलमधून गोळी आणून द्यायला कुणी नव्हतं. तुला हे एकच दुःख वाटतंय. ही दोन दुःखं आहेत आणि त्यांच्यावरचे उपायही वेगवेगळे आहेत.

रॉबर्ट वाइस नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये एकटेपणावर जे लिहिलं ते आमच्या कामात आजही पायाचं मानतात. त्यानं दोन तऱ्हेच्या लोकांचा अभ्यास केला. एकीकडे, ज्यांचा संसार मोडला होता आणि जे एका संस्थेच्या निमित्तानं आपल्यासारख्याच इतरांना नेमानं भेटत होते, असे लोक. दुसरीकडे, नवऱ्याच्या नोकरीपायी लांबून बोस्टनच्या परिसरात राहायला आलेल्या बायका, ज्यांचं नवऱ्याशी उत्तम चाललं होतं. पहिल्या लोकांना मैत्री मिळाली, तरी जोडीदाराची पोकळी राहिलीच. दुसऱ्यांना घरात प्रेमाचं माणूस होतं, तरी शेजारीपाजारी नाहीत, मैत्रिणी नाहीत, या गोष्टीनं त्या झुरत होत्या. वाइसनं त्यावरून मांडलं की जिवाभावाच्या एका माणसाचं नसणं आणि आपल्या माणसांच्या जाळ्याचं नसणं हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

तुझ्या वाट्याला दोन्ही एकाच वेळी आले आहेत. पुण्यात राहिली असतीस तर एकच आलं असतं. बदली घेतलीस ते चुकलं असं मी म्हणत नाही. मला तो निर्णय धीराचा वाटतो. पण हे वेगळं करून पाहिलंस तर बऱ्याच गोष्टींचा अर्थ लागेल. ऑफिसच्या मुलींबरोबर जेवायला गेलीस, हसलीस, आणि घरी येऊन रडलीस, तेव्हा 'माणसांत जाऊनही उपयोग होत नाही' असा निष्कर्ष तू काढलास. उपयोग झाला होता. फक्त तो दुसऱ्या पोकळीत जमा झाला, आणि तू मोजत होतीस पहिली. तसंच उलटंही. आत्ता एखाद्या ॲपवरून कुणी भेटलं आणि जमलं, तरी ताप आल्यावर हाक मारायला शेजारीण तयार होणार नाही. मग सगळा भार त्या एका नव्या माणसावर पडेल, आणि तो कुणालाच पेलत नाही.

म्हणून कामाची वाटणी अशी कर: त्याच्या जाण्यानं झालेली जागा भरायला जाऊ नकोस, ती काळानं आणि न खाजवल्यानं बरी होते. माणसांचं जाळं मात्र आपोआप होत नाही, तिथं मेहनत लागते.

आधी न खाजवण्याबद्दल. हेलन फिशर आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नुकताच नकार मिळालेल्या १५ जणांचे मेंदू स्कॅन करून पाहिले. ज्यानं सोडलं त्याचा फोटो समोर आल्यावर मेंदूतले जे भाग चेतले, त्यांत व्यसनाच्या तलफेशी संबंधित भाग होते. म्हणजे रात्री ११ वाजता त्याचं स्टेटस बघावंसं वाटणं हा तुझ्या स्वभावातला दुबळेपणा नाही, ती तलफ आहे आणि ती तलफेसारखीच वागते. त्याच अभ्यासात असंही दिसलं की नकाराला जितके जास्त दिवस उलटले होते, तितकी जवळिकीशी जोडलेल्या एका भागातली हालचाल कमी होती. तलफ उतरते, पण तिला रोज थोडं थोडं देत राहिलं तर लांबते. टॅरा मार्शल या संशोधिकेनं २०१२ मध्ये फेसबुकवर जुन्या जोडीदाराच्या मागावर राहणाऱ्यांचा अभ्यास केला, त्यात असे लोक जास्त दुःखी आणि जास्त ओढ असलेले आढळले.

तू त्याला ब्लॉक केलंयस असं लिहितेस. चांगलं केलंस, पण तेवढ्यानं भागत नाही. फोन हातात घेऊन अर्धा तास बस आणि हे सगळं तपास. लोकेशन शेअरिंग चालू राहिलंय का? सिनेमे-मालिकांच्या ॲपवर त्याच्या नावाचं प्रोफाइल आहे का? जेवण मागवायच्या ॲपमध्ये त्याचा पत्ता 'होम' म्हणून आहे का? पासवर्ड त्याला माहीत आहेत का? विम्यात किंवा बँकेत कुठं नॉमिनी म्हणून त्याचं नाव घातलंयस का? हे शेवटचं मुली विसरतात आणि वर्षांनी फॉर्म भरताना अचानक समोर येतं. फोटोंचं म्हणशील तर ते पुसायची घाई करू नको. रागात पुसलेले फोटो पुढं हवेसे वाटतात. गुगल फोटोज मात्र सकाळी सकाळी 'चार वर्षांपूर्वी' म्हणून सिंहगडावरचा फोटो पुढं करतं, ते थांबवता येतं. त्यातल्या 'मेमरीज'च्या सेटिंगमध्ये जाऊन एखाद्या व्यक्तीचा चेहरा लपवायची सोय आहे. ते आजच कर.

पुण्याची ती मैत्रीण, जिनं त्याचा साखरपुडा ठरत असल्याचं तुला कळवलं, तिच्याशी एकदा स्पष्ट बोल. 'तुझ्याशी मैत्री हवी आहे, त्याची बातमी नको, चांगलीही नको.' एवढं एक वाक्य. ती समजून घेईल. नाही घेतलं तर काही महिने तिच्याशी बोलणं कमी ठेव.

आणि 'शेवटचं एकदा भेटून नीट बोलायचं' हा विचार तू दोन ठिकाणी लिहिला आहेस. मी त्याच्या विरोधात आहे. तुला कारण माहीत आहे: त्याला घरी उभं राहायचं नव्हतं. त्याच्या तोंडून तेच पुन्हा ऐकून त्यातलं काही बदलणार नाही. बोलायचं साचलंय ते कागदावर लिही. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात तपासलेली साधी पद्धत आहे. लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटं, जे सगळ्यात जास्त टोचतं त्यावर न थांबता लिहायचं. शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. लिहून झाल्यावर थोडा वेळ मन जड होतं, त्याला घाबरू नको. फक्त झोपायच्या आधी लिहू नको.

आता संध्याकाळ. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुझं अर्धं दुखणं इथं आहे.

एका खोलीत राहून घरूनच काम करणाऱ्या माणसाची संध्याकाळ निघत नाही, कारण ती सुरूच झालेली नसते. त्याच पलंगावर लॅपटॉप, त्याच पलंगावर जेवण, त्याच पलंगावर रडणं, आणि रात्री त्याच पलंगावर झोप यावी ही अपेक्षा. पुण्यात त्याचा फोन यायचा किंवा त्याला भेटायचं असायचं, त्यानं तुझं काम संपायचं. आता ते संपवणारं बाहेरून कुणी नाही, ते तुला ठरवून करावं लागेल. लॅपटॉप साडेसहाला बंद करून नुसता मिटू नको, बॅगेत घाल आणि बॅग कपाटात ठेव. तोंड धू, कपडे बदल, कापडी पिशवी घे आणि खाली उतर. काम नसलं तरी उतर. रोज फक्त उद्यापुरती भाजी आण, आणि एकाच भाजीवालीकडून आण. आठवडाभराची भाजी ॲपवरून मागवणं सोयीचं असतं, पण या दिवसांत तुला सोयीपेक्षा खाली उतरायला कारण हवं आहे. महिन्याभरात ती तुला ओळखायला लागेल. इथं 'सब्बसिगे सोप्पू' म्हणून जी जुडी मिळते ती आपली शेपू. बेंगळुरूकर ती फार खातात. डिसेंबर-जानेवारीत आपल्या पावट्याच्या जातीचं अवरेकाई येतं, तेव्हा गाडीवर बसूनच शेंगा सोलत असतात. तुझ्या कन्नडला ती हसेल. हसू दे. 'स्वल्प स्वल्प बरुत्ते', म्हणजे थोडंथोडं येतं, एवढं म्हणालीस तरी पुढचं ती बोलते.

मग स्वयंपाक. 'एकटीसाठी काय करायचं' हे वाक्य माझ्यासमोर बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी असतं. ते ऐकलं की मी विचारते, काल रात्री काय खाल्लंस आणि कुठं बसून? उत्तर बहुतेक वेळा तेच: मागवलेलं, प्लॅस्टिकच्या डब्यातून, पलंगावर, फोन बघत. यात पोट भरतं, पण दिवसभरात आपण स्वतःसाठी काही केलं याची नोंद मनात होत नाही. मी तुला रोज पोळीभाजीचा घाट घालायला सांगत नाही. दोन लिटरचा छोटा कुकर घे. अर्धी वाटी तूरडाळ, अर्धी वाटी तांदूळ, दोन डब्यांत. डाळीत चिमूटभर हळद आणि हिंग. शिट्ट्या होईपर्यंत कोशिंबिरीची काकडी चोचवून होते. वरून लसणाची फोडणी, लिंबू, साताऱ्याहून आणलेली शेंगदाण्याची चटणी. अर्ध्या तासात गरम जेवण होतं. मुख्य म्हणजे ताट घे, आणि पलंगाखेरीज कुठंही बस, जमिनीवर बसलीस तरी चालेल. उरलेलं वरण सकाळी कणकेत घालून त्याचे पराठे कर.

आठवड्यातून एक दिवस मात्र तुला आवडेल असं काहीतरी मुद्दाम कर. तू लिहितेस, 'मला नक्की काय आवडतं तेच कळेनासं झालंय.' हेही तुझ्या एकटीचं नाही. स्लॉटर, गार्डनर आणि फिंकेल या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की नातं तुटल्यावर माणसाची स्वतःबद्दलची कल्पनाच धूसर होते. चार वर्षं सिनेमा कुठला, सुट्टीला कुठं, चहात साखर किती, हे दोघांनी मिळून ठरलेलं असतं. त्यात आपलं किती होतं हे एकदम सांगता येत नाही. ते विचार करून सापडत नाही, छोट्या गोष्टी करून बघितल्यावर सापडतं. तुला मिसळ खरंच आवडते की त्याला आवडायची? इथल्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या छोट्या हॉटेलात, खाल्लेला 'खाली डोसा' (आत भाजी नसलेला साधा डोसा) तुला आवडला का? अशा बारीक आवडीनिवडींवरून सुरुवात होते.

झोपेबद्दल थोडक्यात. पलंग फक्त झोपेसाठी. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून खुर्चीवर बस, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाच, डोळे मिटायला लागले की परत जा. सकाळी उठायची वेळ एकच ठेव, रविवारीही. हे पहिले आठ-दहा दिवस जड जातं, मग लागू पडतं.

तुझा दुसरा प्रश्न, मैत्रिणींचा. इथं मला तुला एक हिशेब दाखवायचा आहे. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास मांडला, आणि त्यातला एक भाग खास गेल्या सहा महिन्यांत नव्या गावी राहायला गेलेल्या लोकांवर होता. त्यांना दिसलं की नुसत्या ओळखीची साधारण मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र म्हणावं इतकं व्हायला ९० च्या आसपास, आणि जवळचा मित्र व्हायला २०० हून जास्त. हे आकडे अमेरिकेतले आहेत, आपल्याकडे ते तंतोतंत बसतीलच असं नाही, पण अंदाज येतो. आता बघ, एखाद्या माणसाला तू आठवड्यातून दोन तास भेटलीस तर ५० तास व्हायला जवळजवळ सहा महिने लागतात. तुला इथं येऊन तीनच महिने झालेत आणि त्यातले बहुतेक तू खोलीत घालवलेस. दोष तुझ्यात नाही, तास भरलेले नाहीत. शिवाय ऑफिसात कामाच्या निमित्तानं शेजारी बसलेले तास यात फारसे धरले जात नाहीत, असंही त्या अभ्यासात दिसलं. एकत्र जेवणं, भटकणं, गप्पा मारणं, हे तास मोजले जातात.

यावरून तुला काय करायचं ते ठरतं. दर शनिवारी नव्या ठिकाणी, नव्या लोकांत जाणं हे दिसायला उत्साहाचं असतं, पण त्यात प्रत्येक वेळी घड्याळ शून्यावर येतं. त्यापेक्षा दोनच ठिकाणं निवड आणि तिथं सहा महिने चिकाटीनं जा. जिथं तेच लोक पुन्हा येतात आणि जिथं बोलण्याखेरीजही काही करायचं असतं, अशी. नुसतं 'ओळख करून घ्या' म्हणून जमलेल्या घोळक्यात तुझ्यासारख्या मितभाषी मुलीला दडपण येतं.

बेंगळुरूत अशा जागांना तोटा नाही. शनिवारी सकाळी कब्बन पार्कात झाडांखाली लोक चटया टाकून आपापलं पुस्तक निमूट वाचत बसतात. २०२३ पासून हे चालू आहे. कुणी सभासद नाही, फी नाही, बोलायची सक्ती नाही. तुला आत्ता माणसांत बसायचंय आणि बोलायचं नाही, त्यासाठी याहून बरं काही मला माहीत नाही. जे. पी. नगरात रंगशंकरा आहे. कन्नड नट-दिग्दर्शक शंकर नाग यांच्या स्मरणार्थ त्यांच्या पत्नी अरुंधती नाग यांनी उभं केलेलं नाट्यगृह, २००४ पासून चालू आहे. सोमवार सोडला तर जवळजवळ रोज नाटक असतं, कन्नडसह अनेक भाषांत. नाटकाला एकटं जाणं सगळ्यात सोपं, कारण अंधार झाला की सगळेच एकटे बघतात. उशिरा आलेल्यांना आत सोडत नाहीत, एवढं लक्षात ठेव. एकदा जा, मग तिथल्या एखाद्या कार्यशाळेची किंवा स्वयंसेवकांची चौकशी कर. प्रेक्षक म्हणून गेलीस तर तास भरत नाहीत, काम करायला गेलीस की भरतात.

गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे. तिथं जरूर जा, गणपतीत तर नक्कीच. मनसोक्त मराठी बोलायला मिळालं की दिवसभराचा शीण उतरतो, हे मी स्वतः जाणते. पण सगळी संध्याकाळ तिथंच किंवा पुण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली तर शहर परकंच राहतं. म्हणून दुसरी जागा इथल्या लोकांमधली असू दे. मला विचारशील तर कन्नडचा वर्ग. आठवड्यातून दोनदा तेच दहा-बारा लोक, सगळेच बाहेरून आलेले, सगळेच अडखळणारे. माझ्याकडे येऊन गेलेल्यांच्या इथल्या कितीतरी मैत्र्या अशा वर्गांत जुळल्या.

ऑफिसचे दोन दिवस तू मंगळवार-शुक्रवार घेतेस, कारण तेव्हा गर्दी कमी असते. ते बदल. टीममधले जास्तीत जास्त लोक ज्या दिवशी येतात ते दिवस घे आणि डबा घेऊन जा. डब्याभोवती माणसं बसतात. आता बीटीएम लेआउटलाही २०२५ पासून मेट्रो आली आहे, त्यामुळे सिल्क बोर्ड चौकातल्या ट्रॅफिकचं कारण पूर्वीइतकं उरलेलं नाही.

एक सवय मात्र तुला सोडावी लागेल. दर दोन आठवड्यांनी शुक्रवारी रात्री स्लीपर बस पकडून साताऱ्याला जाणं आणि सोमवारी सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी लॉगिन करणं. घरची ओढ मला कळते. पण तुझे तास भरायचे ते शनिवार-रविवारीच, आणि तेच तू हायवेवर घालवतेस. पुढचे सहा महिने सहा-सात आठवड्यांतून एकदा जा. मधल्या रविवारची दुपार वाईट जाईल, विशेषतः चार ते सहा. त्यासाठी आधीच काहीतरी ठरवून ठेव. लालबागेत जा, तिथला तो मोठा उघडा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा आहे, संध्याकाळी लोक त्यावर चढून शहर बघत बसतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी, बसवनगुडीत नंदीच्या देवळापाशी शेंगदाण्याची जत्रा भरते, कडलेकाई परिषे. सातारकरणीनं शेंगदाण्याची जत्रा चुकवू नये.

शरीराकडेही बघ. तू लिहितेस की सतत थकवा आहे आणि केस गळताहेत. हे दुःखानंही होतं, पण शाकाहारी आणि दिवसभर घरात बसणाऱ्या मुलीला बी-१२, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड या तपासण्या करून घ्यायला मी नेहमी सांगते. बी-१२ कमी असलं तर मन सावरायला किती कष्ट पडतात ते मी पाहिलं आहे.

आता जे लिहिते ते नीट वाच. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज, जवळजवळ दिवसभर उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, जेवण किंवा झोप बिघडली असेल, कामावरही परिणाम होत असेल, तर ती ब्रेकअपनंतरची नुसती हळहळ नाही. तेव्हा सल्ले पुरत नाहीत, उपचार घ्यावे लागतात, आणि ते लागू पडतात. जगायला नको असा विचार एकदा जरी आला तरी त्याच दिवशी बोल. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मोफत, चोवीस तास. फोन लागल्यावर भाषा निवडता येते, मराठीही आहे. तू तर निमहान्सपासून, म्हणजे मानसिक आरोग्याच्या इथल्या राष्ट्रीय संस्थेपासून, फार लांबही नाहीस. त्यांचं वेल बीइंग सेंटर बीटीएम लेआउटमध्येच आहे, आणि तिथं अशाच अडचणी घेऊन लोक येतात. लाज बाळगू नको.

नव्या नात्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण ऑफिसातल्या एकाचा उल्लेख दोनदा आलाय, म्हणून सांगते. बंदी नाही. फक्त एक बघ: ज्या संध्याकाळी तो भेटणार नसतो ती संध्याकाळ तुला एकटीला नीट घालवता येते का? येत असेल तर खुशाल पुढं जा. येत नसेल तर थोडं थांब, नाहीतर संध्याकाळ भरायला माणूस शोधल्यासारखं होईल आणि त्यात त्याच्यावरही अन्याय होईल.

समाधान आलं हे ओळखायचं कसं, असंही तू विचारतेस. माझ्यासमोरच्यांच्या बोलण्यात मला ते असं दिसतं. दुःखाचं बोलणं कमी होतं आणि शहराबद्दलच्या तक्रारी सुरू होतात. कुठल्या दर्शिनीची कॉफी पातळ झालीय, कुठल्या बसला कायम उशीर होतो, घरमालक टाकी धूत नाही. मग कुणीतरी येऊन सांगतं की काल वीज गेली तेव्हा शेजारच्या अक्कांनी मेणबत्ती दिली. सोडून गेलेल्या माणसाचं नाव माझ्यासमोरच्या त्या तासाभरात एकदाच येतं, आणि तेही तारीख सांगण्यापुरतं. मधूनच एखादं गाणं लागतं आणि पुन्हा दोन दिवस वाईट जातात, सगळ्यांचेच जातात. त्यानं आधीचं काही वाया जात नाही.

राहता राहिली आई. ती वाईट चिंतत नाहीये. तिला फोनवर तुझा आवाज ऐकून काळजी वाटते आणि काळजीवर तिला माहीत असलेला उपाय ती सुचवते. तिच्याशी लग्न या विषयावर वाद घालू नको, त्यात दोघीही दमाल. तिला मुदत दे: 'मी इथं एक वर्ष राहणार आहे. वर्षानंतर आपण बसून बोलू, तोवर स्थळं बघायची नाहीत.' मुदत दिली की आईवडिलांचा जीव बराचसा भांड्यात पडतो, कारण 'कधीच नाही' याची भीती जाते. रोज रात्री तिला फोन करतेस तो जेवण झाल्यावर कर आणि काय जेवलीस ते सांग. तिची निम्मी काळजी तिथंच मिटते. रडू आलं तर लपवू नको, पण रोजचा फोन फक्त रडण्याचा होऊ देऊ नको, ती तिथं रात्रभर जागी राहते. ब्रेकअपचं तिला माहीत आहे, वडिलांना नाही, असं तू लिहितेस. वडिलांना सांगायचं की नाही ते तू ठरव. पण आईला लपवायला लावू नको. तिच्यावर ते ओझं आहे, आणि तिच्या स्थळांच्या घाईत त्याचाही हात असावा असं मला वाटतं.

आणि त्यांना इकडं बोलाव. मुलगी कुठं राहते, पाणी येतं का, खाली दुकान आहे का, घरमालक कसा आहे, हे डोळ्यांनी पाहिलं की आईची बोलण्याची पट्टीच बदलते, हे मी अनेक घरांत पाहिलंय. दिवाळीत नको, तेव्हा तूच घरी जाशील. जानेवारीच्या शेवटी बोलाव. हवा चांगली असते, अवरेकाई असतं, आणि २६ जानेवारीच्या सुमारास लालबागेत फुलांचं प्रदर्शन भरतं. तिकीट मात्र आधी काढ. त्या सुट्टीला गाड्या लवकर भरतात.